रिकाम्या सापळ्याची भीती

बाई गेल्याचे मला ज्या दिवशी कळले, त्या सकाळी माझ्या पिशवीत सात पतंग होते आणि ते मोजायला कोणी आले नाही. दुपारी दोन मजूर बोलत बांधावरून गेले. "दवाखान्यातच गेली म्हणे. आता या टोमॅटोचं कोण बघणार?"

मित्रांनो, मी एक जुना कामगंध सापळा आहे. काठीला बांधलेले हिरवे नरसाळे, वर टोपी आणि खाली लांब पिशवी, एवढाच माझा देह. टोपीखाली एक रबरी गोळी बसवतात. तिला मादी पतंगासारखा वास असतो. त्या वासाने नर येतात आणि पिशवीत पडतात. सगळी कीड संपवणे मला जमत नाही. ती आली आहे, एवढेच मी सांगतो.

बाई रोज सकाळी पतंग मोजायच्या. सलग तीन दिवस आठाच्या वर आकडा गेला, की पानापानावर अंडी शोधायच्या, किडीची अंडी नष्ट करणाऱ्या मित्रकीटकांची कार्डे टांगायच्या. फवारणी अगदी शेवटी. शेजारी चिडवायचा, "काकू, पतंगांची हजेरी घेता काय?"

"हो तर! आणि सगळेच गैरहजर असले, की आधी या मास्तराचा कान धरते. गोळी संपलेली असते त्याची."

दर महिन्याला त्या माझी गोळी बदलायच्या. नव्या गोळ्या घरी फ्रिजमध्ये, निळ्या डब्यात असायच्या.

आता मालक, म्हणजे बाईंचे यजमान, येतात. पूर्वी ते पाणी आणि बाजार बघायचे, माझ्याकडे फिरकतही नसत. आता एक दिवस चुकवत नाहीत. बाईंसारखेच वाकून बघतात. आधी पाच पतंग होते, मग दोन, मग एकही नाही.

"शून्य," ते हळूच म्हणतात. "बघ गं, आजपण शून्य. तुझं शेत नीट ठेवलंय मी."

मित्रांनो, तेव्हा मला फार भीती वाटते. माझी गोळी दोन महिन्यांची झाली आहे. तिच्यात वास उरलेला नाही. दिवस मावळला की पतंग येतात, माझ्या टोपीला पंख घासतात आणि पुढे जातात. शेंड्याच्या पानांवर खसखशीएवढी अंडी आहेत. काल एक अळी फळात शिरताना पाहिली. डोके आत, अर्धे अंग बाहेर. बाईंनी ती चिमटीत उचलली असती. मला बोटे नाहीत.

परवा बाईंची मुलगी वडिलांबरोबर शेतात आली होती.

"बाबा, आईचा तो निळा डबा फ्रिजमधून काढू का?"

"हात लावायचा नाही त्याला. तिने ठेवलाय तिथेच राहील."

"आत काय आहे, ते तरी बघा."

"नाही म्हटलं ना, पोरी."

मला तोंड असते, तर मी ओरडलो असतो.

मित्रांनो, रिकामा सापळा दिसला, तर लगेच निश्चिंत होऊ नका. आधी त्याची गोळी बघा. गेलेल्या माणसाच्या वस्तू जपा, पण त्यांचे कामही चालू ठेवा.

आज सकाळीही मालक शून्य म्हणून गेले. निळा डबा अजून कोणी उघडलेला नाही.