उलटा चढवलेला टायर

देवासला हमरस्त्याच्या कडेला माझं टायरचं दुकान होतं. जावई शंतनूही देवासलाच राहायचा; पीथमपूरच्या कारखान्यात इंजिनिअर, तो कारखान्याच्या बसने जायचा. गाडी माझ्या मुलीकडे, मेधाकडे असायची. ती सोनकच्छच्या शाळेत शिकवायची आणि माझी नात रुचा त्याच शाळेत पहिलीत होती. मायलेकी रोज त्या गाडीने जात-येत.

२००६ च्या उन्हाळ्यात शंतनू दुकानात आला आणि म्हणाला, "तात्या, गाडीला चारही टायर नवे टाकायचेत. एकदम पकडवाले."

"कुठे जायचंय पकड घेऊन?"

तो हसला. धारच्या बाहेर जुनी हवाई पट्टी आहे. इंदूरच्या काही हौशी मंडळींनी परवानगी काढून दोन-तीन महिन्यांतून एखाद्या रविवारी तिथे गाड्या पळवायला सुरुवात केली होती. रिकामे डबे उभे करायचे, त्यांच्यामधून वळणं घेत गाडी काढायची आणि कोणाची किती वेळात निघाली ते बघायचं. शंतनूला त्याची चटक लागली होती.

मी म्हणालो, "जावईबापू, तिथे तुम्ही वर्षातून चार-पाच वेळा जाणार. सोनकच्छला माझी नात रोज जाते. टायर कोणासाठी घ्यायचा ते आधी ठरवा."

"दोघांसाठी. एकातच होत नाही का?"

"होतं, पण अर्धं अर्धं. पट्टीवरचा मऊ टायर तापला की रस्त्याला चिकटतो, वळणावर सुटत नाही. पण लवकर झिजतो, आणि पाण्यात त्याचा भरवसा नाही. रोजचा टायर कडक असतो, टिकतो. पट्टीवर मात्र ओरडेल आणि घसरेल."

"मग मधला द्या ना, भिया." सासऱ्याला भिया म्हटल्याचं लक्षात येऊन त्याने जीभ चावली. धारला वाढलेला मुलगा, दोस्ताला भिया म्हणायची सवय तोंडात बसलेली.

मी मधला निवडला. आणायला इंदूरला माणूस पाठवला. त्या टायरचे दोन भाग वेगळे होते. बाहेरचा अर्धा भाग वळणं झेलायला, त्यात ठोकळे मोठे. आतल्या अर्ध्यात खोल खाचा, पाणी फेकायला. कोणती बाजू बाहेर ठेवायची ते टायरच्या अंगावर इंग्रजीत लिहिलेलं असतं, आणि ती अक्षरं मला ओळखीची. बसवताना मी एकच अट घातली. पट्टीवरून आलात की गाडी आधी माझ्या दुकानात. मी चाकं बघेन, मगच ती सोनकच्छच्या रस्त्याला लागेल.

"कबूल," शंतनू म्हणाला. मेधा शेजारी उभी होती. तीही म्हणाली, "कबूल, तात्या."

जूनमध्ये एकदा ते गाडी घेऊन आले. पुढच्या चाकांचे बाहेरचे काठ थोडे खरवडले होते, चिंता नव्हती. त्यानंतर मी दर वेळी विचारायचो. शंतनू सांगायचा, "नाही तात्या, काम फार आहे, या खेपेला गेलोच नाही." मी मनात म्हणालो, चला, हौस फिटली. बायकोलाही तसंच सांगितलं. तिने देवापुढे साखर ठेवली.

संक्रांतीला आम्ही नवरा-बायको तिळगूळ घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्या दिवशी मावठ्याचे ढग आले होते, हिवाळी पाऊस पडेल असं वाटत होतं. गाडी फाटकाशी उभी होती. मी सवयीने चाकाकडे पाहिलं आणि थांबलो. जी अक्षरं बाहेर असायला हवीत ती नव्हती. आतल्या बाजूची अक्षरं माझ्याकडे बघत होती.

आमच्या धंद्यात जुनी रीत आहे. टायर एका काठाने झिजला की रिमवरून काढून उलटा चढवायचा. झिजलेला काठ आत जातो, चांगला बाहेर येतो, आणखी काही महिने निघतात. साध्या टायरला ते चालतं. ह्या टायरला नाही. मी गुडघ्यावर बसून चाकामागे हात घातला. आतल्या काठाला रबर नव्हतंच. बोटाला रबराखालचे दोरे लागले; असा टायर कधीही फुटतो. दुसऱ्या पुढच्या चाकाचंही तेच.

शंतनू बाहेर आला. मी विचारलं, "पट्टीवर कधी गेला होतात?"

"मी? नाही हो, तात्या. उन्हाळ्यानंतर एकदाही नाही." अगदी डोळ्यात बघून बोलला.

"मग हे दोरे कुठून आले?"

त्याने मान वळवून दाराकडे पाहिलं. दारात मेधा उभी होती, हातात तिळगुळाचं ताट.

ती म्हणाली, "त्यांना बोलू नका. मी चालवत होते."

"तू?"

"उन्हाळ्यानंतर तीन वेळा. ते नुसते सोबत यायचे. मी चांगली चालवते, तात्या. मागच्या वेळी बायकांमध्ये पहिली आले. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही गाडीच काढून घेतली असती."

"आणि टायर?"

"धारला एका दुकानात उलटे करून घेतले. कल्पना माझी, ह्यांना सुचलं नसतं. तुमच्याकडेच तर लहानपणापासून बघत आले. तुम्ही बाहेरूनच बघाल असं वाटलं."

माझी मुलगी मला फसवायला माझ्याच दुकानात शिकली होती. ह्या टायरला ती रीत चालत नाही हे तिला ठाऊक नव्हतं. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण विचारायचं म्हणजे कबूल करायचं.

"रुचा मागे बसते," मी म्हणालो.

"मी सावकाश नेते तिला."

"दोऱ्यांना सावकाश कळत नाही."

तिने ताट पुढे केलं. मी हात लावला नाही. शंतनूकडून किल्ली घेतली, गाडी हळूहळू दुकानात नेली, ते चारही टायर उतरवले आणि साधे कडक टायर चढवले. गाडी परत त्यांच्या फाटकाशी लावून मी बायकोला घेऊन पायी घरी आलो. संध्याकाळी मावठा पडला.

पुढे महिनाभर मी तिच्याकडे गेलो नाही. मग एक दिवस मेधाच गाडी घेऊन दुकानात आली. शाळेतून परस्पर आली असावी, रुचा मागे झोपली होती.

"या ताई," मी गिऱ्हाइकाला म्हणतो तसं म्हणालो. "काय काम आहे?"

ती जागीच उभी राहिली. "तात्या, मी आहे."

"दिसतंय. गाडी तिकडे सावलीत लावा."

तिने लावली. खाली उतरून म्हणाली, "फक्त हवा बघायची होती. धारला गेले नव्हते. खरंच."

मी झोपलेल्या पोरीला उचलून आतल्या बाकावर ठेवलं. मग गाडीखाली जॅक लावला आणि पुढचं चाक काढायला घेतलं.