बाबांचं ब्लॅकलेटर

बाबांना ब्लॅकलेटरचं वेड लागलं तेव्हा मी आधी हसले, मग वैतागले. आमचा धंदा पाट्या रंगवायचा; पुढे दुकान, मागे घर. ब्लॅकलेटर म्हणजे वर्तमानपत्रांच्या नावांना असतात ती जुन्या वळणाची रोमन अक्षरं. जाड, काळीकुट्ट, कुंपणाच्या फळ्यांसारखी खेटून उभी, टोकं धारदार. घड्याळजीच्या दुकानावर झकास दिसतात. प्रमाणपत्रावर तर विचारूच नका. पण एखाददुसरा शब्द, तोही मोठा, आणि पहिलंच अक्षर तेवढं कॅपिटल. सगळी कॅपिटल घातली की वाचणारा गेलाच कामातून. हे मला शिकवलं कोणी? बाबांनीच!

आणि आता तेच बाबा दिसेल त्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात ब्लॅकलेटर मारत होते. "अहो, पेशंट पळून जातील माझे," दातांचा डॉक्टर बिचारा म्हणाला. मग दूधवाली बाई आली. तिला गुबगुबीत, गोल अक्षरं हवी होती.

"ब्लॅकलेटरच करू," बाबा म्हणाले. "भारदस्त दिसेल."

"दुधाला कशाला भारदस्तपणा?" मी तिच्यादेखतच म्हटलं. बाबांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. "विचार करून सांगते" म्हणत बाई निघून गेली.

माझ्या डोक्यात मात्र किडा वळवळायला लागला. इतका जाणता माणूस असं का करतो? दुपारी मी मुद्दाम त्यांच्यासमोर स्टूल टाकून बसले. ते घड्याळजीची पाटी करत होते. चपटा ब्रश टेकवला, खाली ओढला, उचलला. कोन बदलला, पुन्हा ओढला. 'ओ'सारखं गोल अक्षरसुद्धा सरळ तुकडे जोडूनच उभं राहिलं. ब्लॅकलेटरची तऱ्हाच ती, पण प्रत्येक तुकड्यानंतर बाबा हात मांडीवर ठेवून थांबत होते.

"बाबा, या फळीवर एक गोल काढा बरं."

"पोरखेळ आहे का?"

"काढा ना."

त्यांनी ब्रश टेकवला. वरची कमान जमली, पण वळणावर हात लटलटला आणि रेघ भलतीकडेच गेली. त्यांनी ती फडक्यानं घाईघाईनं पुसली.

"सरळ ओढता येतं अजून," ते म्हणाले. "वळवायला गेलं की हात ऐकत नाही. ब्रश सुटला तर मी करायचं काय दिवसभर?"

मला रडूही आवरेना आणि रागही. "मला सांगायला काय झालं होतं? आणि ब्रश सोडा म्हणतंय कोण? एकच शब्द, काळा, ठसठशीत, असली कामं तुमची. गोल सगळे माझे. दूधवालीला मी आत्ता परत बोलावते. आणि उद्या डॉक्टरकडे जायचं, कारणं नकोत!"

बाबा बराच वेळ ब्रश पुसत बसले. "तुझा गोल उजवीकडे ढेरी सोडतो," शेवटी म्हणाले. "लक्ष ठेवावं लागेल मला."

"ठेवा की!"

"आणि हे बघ, तुझ्या आईला कळू देऊ नकोस. उगाच जिवाला घोर लावून घेईल."

"कळू देऊ नकोस म्हणे!" मधल्या दारात आई इस्त्रीचे कपडे घेऊन उभी होती. "तुमच्या सगळ्या शर्टांची बटणं काढून टिचबटणं लावली मी, ती काय हौस म्हणून?"

बाबांनी मान खाली घालून स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं.