पळीभर फरसबी

सिस्टर चार वाजता येणार होत्या, पिशवीत नाकातून घालायची नळी घेऊन. "तोवर वाटीभर काही तोंडाने गेलं, तर नळी तशीच परत नेईन," असं त्या कालच सांगून गेल्या होत्या. गिळायला बाबांना येत होतं, ते त्यांनी तपासलं होतं. फक्त दाट, गुळगुळीत हवं आणि थोडं थोडं द्यायचं. अडचण गळ्याची नव्हतीच. अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबा घरी आले त्याला तीन दिवस झाले होते, आणि वाटी दिसली की ते दातखीळ बसल्यासारखे तोंड मिटून घेत.

मी शाळेचे गणवेश शिवते. पायाला शिलाई मशीनची इतकी सवय की बसले तरी पाय हलत राहतो. त्या दिवशी तर बसलेच नाही. दोन वाजेपर्यंत गॅस चारदा पुसला आणि घड्याळ किती वेळा पाहिलं ते मोजलं नाही. शेवटी अर्धा किलो कोवळी फरसबी आणली. बाबा एकतीस वर्षं एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मुख्य आचारी होते आणि त्यांचं शुक्रवारचं फरसबीचं सूप कामगार सोमवारपासून विचारत. माझ्याकडे तेवढी एकच आशा उरली होती.

धाकट्या भावाला शेंगा निवडायला बसवलं.

"ताई, दोरा काढून शेंग ठेवायची की शेंग टाकून दोरा ठेवायचा?"

"तोंड बंद ठेवून निवड. एक दोरा जरी त्यांच्या घशात अडकला ना, तर बघ."

लोण्यावर कांदा परतला, दाटपणाला एक बटाटा घातला, वर फरसबी आणि पाणी. घाईत झाकण ठेवलं आणि हिरवा रंग गेला. उघड्या पातेल्यात शिजव, हे बाबांनी मला शंभरदा सांगितलं असेल. गरम गरमच मिक्सरला लावलं, तर निम्मं भिंतीवर उडालं. उरलेलं गाळायला फडकं सापडेना, म्हणून गणवेशाच्या अस्तराचं कोरं कापड धुऊन घेतलं. गॅस बंद करून साय फेटून घातली. रंग जरा मळकट होता, पण सूप सायीसारखं मऊ झालं होतं.

तीन वाजून दहा मिनिटांनी बाबांना उशांना टेकवून नीट बसवलं आणि वाटी पुढे केली. त्यांनी तोंड मिटलं.

"बाबा, मी आता दगडावर डोकं आपटू का?" मी ओरडले. "नळी घालतील नाकात! तेच हवंय का तुम्हाला?"

त्यांनी मान भिंतीकडे वळवली. मी वाटी आपटली आणि स्वयंपाकघरात येऊन रडले. आजारी माणसावर ओरडले याची लाज वाटत होती आणि रागही तसाच होता. तशात आठवेना, मीठ घातलं होतं का? धाकटा म्हणाला, "मला काय विचारतेस? मला मीठ नि साखर सारखीच."

आमच्या घरी स्वयंपाक कुणीही करो, शेवटची चव बाबांची. आई असतानाही ती पळी घेऊन त्यांच्यासमोर उभी राहायची. हात त्याच सवयीने चालला. पळीत थोडं सूप घेऊन मी तशीच आत गेले.

"बाबा, मीठ पडलंय का बघा हो."

त्यांनी तोंड उघडलं.

घोट सावकाश खाली गेला. कपाळाला आठी पडली. "अळणी," ते म्हणाले. जिभेवरून जड आला शब्द, पण कळला.

मी पळत जाऊन चिमूटभर मीठ घातलं. "आता?"

"अजून."

मग मिरी कमी निघाली. मग लोणी. पाचव्या खेपेला मी लबाडी केली, काहीच न घालता नुसतं ढवळून नेलं. त्यांनी चव घेतली आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. "काही... घातलं नाहीस." तरी तो घोट गिळला होता! धाकटा दारात उभा राहून बोटांवर खेपा मोजत होता.

आठव्या पळीनंतर त्यांनी डावा हात वर केला. "झालं. वाढ."

"कुणाला वाढू?"

त्यांनी माझ्याकडे बोट केलं, मग धाकट्याकडे.

कॅन्टीनमध्ये शेवटच्या कामगाराचं ताट उचललं जाईपर्यंत बाबा कधी जेवले नाहीत. इथे तीन दिवस मी उभ्या उभ्या बिस्किटं खात होते, धाकटा बाहेरून काहीबाही खाऊन येत होता, आणि हे सगळं त्यांना पलंगावरून दिसत होतं. घरात कुणी जेवलेलं नसताना मी आचाऱ्यासमोर पहिली वाटी धरत होते.

दोन वाट्या भरल्या. एक धाकट्याला दिली आणि दुसरी घेऊन बाबांच्या शेजारी खुर्चीवर बसले. सूप खरंच चांगलं झालं होतं. बाबा माझा घोट न् घोट पाहत होते.

बेल वाजली. धाकट्याने दार उघडलं. सिस्टर पिशवी घेऊन आत आल्या. "गेलं का काही पोटात?"

मी उत्तर द्यायच्या आधी बाबांनी डावा हात पुढे केला. "आता... माझी वाटी."

मी धडपडत उठायला गेले, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"तू जेव," ते म्हणाले. "तो आणेल."