चोवीस उतारू

"अहो, बसा की! जागा हाय तर उभं कशापायी ऱ्हाता?"

चतुराबाईने शेजारच्या मोकळ्या जागेवर पंजा आपटला. निवृत्ती गांगुर्डे बसला नाही. रामेश्वरच्या त्या बसच्या मधल्या वाटेत पाय फाकवून, कंबर बाकाच्या कडेला टेकवून तो उभा होता आणि दारात तुंबलेल्या गर्दीला सांगत होता, "पुढं सरका, पुढं सरका, मधी लय जागा हाय."

गर्दी सगळी तमिळ होती. नवल असं, की ती सरकली.

"बघ," तो बायकोकडे वळून म्हणाला, "माणूस सगळीकडं सारखाच. दारात तुंबतो."

"आन् कंडक्टरबी सगळीकडं सारखाच," चतुराबाई म्हणाली. "बिल्ला काढून घेतला तरी."

तोवर तिच्या शेजारच्या जागेवर एक गृहस्थ नारळाची पिशवी घेऊन बसलासुद्धा.

एस. टी.तून निवृत्त होऊन गांगुर्ड्याला चौथा महिना लागला होता. नाशिक डेपोत एकतीस वर्षं, त्यातली एकोणीस पेठच्या रस्त्यावर. खाकी कपडे उतरले, पण वळणावर तोल सांभाळणारे पाय आणि गर्दी दिसली की उघडणारं तोंड डेपोने जमा करून घेतलं नव्हतं. ते घरीच आलं. पंगतीत तो वाढप्याला सांगे, "मागं दोन माणसं ऱ्हायली." मयताला गेला तरी खांदेकरी मोजून येई.

मोजण्यामागे एक कारण होतं. फार वर्षांपूर्वी सावळघाटात चहासाठी गाडी थांबली असता त्याने न मोजता डबल बेल दिली आणि केरू नावाचा एक म्हातारा मागे राहिला. दुसऱ्या दिवशी तीच गाडी तिथून जाताना म्हातारा त्याच दगडावर बसलेला दिसला. निवृत्तीने घाबरत विचारलं, "बाबा, रातभर कुठं होता?" म्हातारा म्हणाला, "तुझी गाडी गेली. मंग बसून ऱ्हायलो." ना शिवी, ना तक्रार. शिवी दिली असती तर निवृत्ती विसरला असता. त्यानंतर माणसं मोजल्याशिवाय त्याने घंटीच्या दोरीला कधी हात लावला नाही.

चतुराबाईच्या मनातही एक गाडी थांबून राहिलेली होती. मुलाच्या, मल्हारीच्या वेळेला सातवा महिना सरलेला, माहेरी पेठला निघालेली, आणि गाडीवर नवराच कंडक्टर. तिला वाटलं, आज राणीसारखं जायचं. वाटेत एक म्हातारी चढली आणि नवऱ्याने सगळ्यांदेखत सांगितलं, "ऊठ. त्या म्हातारीला बसू दे. कंडक्टरची बायको बसलेली आन् उतारू उभे, बरं दिसत नाय." ती पेठपर्यंत उभी राहिली. नंतर म्हाताऱ्या किती आल्या नि किती गेल्या, पण तिने ते कधी बोलून दाखवलं नाही. जपून मात्र ठेवलं.

आता मल्हारी ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होता. प्रवास सवलतीत आईबापही बसतात असं कळल्यावर त्याने विचारलं, "कुठं जाता?" चतुराबाई म्हणाली, "समुद्र असंल तिथं." म्हणून रामेश्वर. रेल्वे पुलावरून समुद्र ओलांडून बेटावर आली तेव्हा ती खिडकीच्या गजांना धरून पाणी बघत बसली होती; आणि निवृत्ती डब्यात कोण कुठे बसलंय ते बघत होता.

दर्शन झालं, बावीस कुंडांचं पाणी डोक्यावर घेऊन झालं. देवाचं आटोपल्यावर तिने आपलं काढलं. "बेटाच्या पार टोकाला दोन समुद्र मिळतात म्हणं. शेजारच्या वत्सलाबाईला टुरिंगवाल्यानं लांब पडतं म्हणून नेलं नाय. मला जायाचंय. आन् एक सांगते. त्या बसमधी तुम्ही माझ्याजवळ बसायचं. सबंध रस्ता. उठायचं नाय, मोजायचं नाय, कुणाला पुढं सरका म्हणायचं नाय."

"एवढंच ना?"

"एवढंच. एकतीस वर्षांत झालं नाय तेवढंच."

ज्या बसमध्ये नारळवाला शेजारी बसला ती स्टँडपर्यंतचीच होती. "ही हिशेबात धरायची नाय," निवृत्ती उतरताना म्हणाला. "तुझी बस पुढंच हाय."

टोकाकडे जाणाऱ्या बसची मागची बाकं काढून तिथे मासळीच्या टोपल्यांना जागा केलेली होती. बसायला उरल्या होत्या बावीस जागा. चतुराबाई खिडकीशी बसली, निवृत्ती तिच्याजवळ. घंटीची दोरी कुठे दिसेना म्हणून तो अस्वस्थ झाला. इतक्यात कंडक्टरने तोंडातली शिट्टी दोनदा फुंकली आणि गाडी निघाली.

"शिट्टी!" निवृत्ती हळहळला. "फौजदारासारखं. घंटीची सर नाय."

"तुम्ही उतारू हाय," चतुराबाईने आठवण दिली.

दोन मैल तो उतारू राहिला. हात मांडीखाली दाबून, मान सरळ ठेवून, ताप मोजायला बसवलेल्या पोरासारखा. मग एका थांब्यावर एक कोळीण चढली. पन्नाशीची, डोक्यावर रिकाम्या टोपल्यांची उतरंड. बसायला जागा नव्हती. निवृत्ती उठला. आपण उठलोय हे त्याला उभं राहिल्यावर कळलं असावं, कारण त्याने चोरट्यासारखं बायकोकडे बघितलं.

तिने तोंड खिडकीकडे फिरवलं आणि तशीच राहिली.

झाडं संपली होती. घरं संपली होती. दोन्ही बाजूंना फक्त वाळू, आणि वाळूपलीकडे पाणी. डावीकडचं पाणी शांत, हिरवं, परातीत ओतून ठेवल्यासारखं. उजवीकडचं काळंनिळं, उसळणारं, किनाऱ्यावर डोकं आपटणारं. मध्ये ही एवढीशी जमीन आणि तिच्यावरून चाललेली ही एवढीशी गाडी. चतुराबाईने जन्मात गोदावरीचा पूर पाहिला होता; पण पुराला पलीकडचा काठ असतो. इथे काठच नव्हता.

"अहो, बघा तरी!" ती वळली.

शेजारी कोळीण होती. चतुराबाईने तिलाच बोटाने दाखवलं. जी बाई रोज तो समुद्र बघत होती तिनेही वाकून, नवलाने, पुन्हा बघितलं आणि हसली.

रस्ता संपला तिथे कोळ्यांच्या झोपड्या होत्या आणि चहाची एक टपरी. कंडक्टरने दोन बोटं, मग चार बोटं दाखवून सगळ्यांना काही बजावलं. टपरीवाल्याने हिंदी-मराठी मिसळून उलगडा केला, "चोवीस आदमी आया, चोवीस वापस जायेगा. साडेचारला शेवटची गाडी. मागे राहिला, तर रात्री इथे कुणी नाही."

"तुम्हाला मराठी येतं?" निवृत्तीने विचारलं.

"थोडा थोडा. देवळालीला तोफखान्यात चार साल होतो. नाशिकची थंडी!" तो खांदे आक्रसून हसला. त्याचं नाव सवरीमुत्तू. गावचा माणूस भेटावा तसा निवृत्तीचा चेहरा फुलला. चहा झाल्यावर सवरीमुत्तूने टपरी बायकोवर सोपवली आणि टोकापर्यंत जाणाऱ्या मासळीच्या ट्रकात या दोघांबरोबर स्वतःही चढला.

ट्रक वाळूतून डुलत पुढे गेला आणि अचानक एक गाव लागलं, ज्यात गाव नव्हतं. चर्चच्या भिंती होत्या, छप्पर नव्हतं. पोस्टाची कमान होती, आत वाळू. रेल्वे स्टेशनचे खांब होते आणि खांबांशेजारून रूळ निघून दहा-वीस हात जाऊन वाळूत शिरले होते.

"चौसष्ट साल, डिसेंबर," सवरीमुत्तू म्हणाला. "वादळ आला. समुद्र उठला. पांबनहून गाडी येत होती. पॅसेंजर. स्टेशन थोडाच लांब राहिला होता. पाणी आला आणि गाडी गेली."

"गेली म्हंजे?"

"गेली. सगळी."

निवृत्ती रुळाच्या टोकाशी उभा राहिला. वाऱ्याने त्याची टोपी सरकली, ती सावरायचं त्याला सुचलं नाही.

"माणसं किती होती?"

"शंभरच्या वर बोलतात. दोनशे पण बोलतात. तिकीटवाले कागदावर सापडले. विनातिकीट किती होते, कुणाला ठाऊक?"

"मोजले नव्हते?"

"कोण मोजणार, भाऊ?"

एकतीस वर्षांत निवृत्तीने विनातिकीट माणसाला नाना बोल लावले होते. आज पहिल्यांदाच त्याला ते भरल्या डब्यात दाराशी अंग चोरून उभे दिसले. कुठल्याच कागदावर नसलेले. केरू म्हातारा निदान दगडावर बसून राहिला होता. कुणीतरी येऊन त्याला विचारलं होतं. इथे विचारायला कुणी आलं तरी कोणाला विचारणार? समोर पाणी लखलखत होतं, काहीच न झाल्यासारखं. त्याने हळूच हात जोडले. कुणाला, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

टोकाला पोचल्यावर चतुराबाईने लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं. सवरीमुत्तू म्हणाला, "आमच्यात शांत समुद्राला बाई बोलतात, त्या उसळणाऱ्याला पुरुष." जमिनीच्या शेवटच्या जिभेवर ती उभी राहिली, एक पाय बाईच्या पाण्यात, एक पुरुषाच्या. समोर दोन्ही लाटा एकमेकींच्या अंगात शिरत होत्या आणि मग कोणती कुणाची ते सांगता येत नव्हतं.

"दिसलं का?" तिने ओरडून विचारलं.

निवृत्ती पाण्याकडे बघत नव्हता. तो ट्रकातून आलेली माणसं कुठे कुठे पांगलीत ते बघत होता.

साडेचारला बसच्या दाराशी सगळे गोळा झाले. निवृत्तीने बायकोला खिडकीशी बसवलं, कोळिणीच्या भरल्या टोपल्या वर घेतल्या आणि स्वतः दाराशी राहिला. कंडक्टरने शिट्टी तोंडात धरली, तोच निवृत्तीने त्याचा हात पकडला.

"थांब. तेवीस हायेत."

त्याने पुन्हा मोजलं. पुढून मागे, मग मागून पुढे, बोट न दाखवता, ओठ न हलवता, जसा इतकी वर्षं मोजत आला तसा. तेवीस.

"एक माणूस ऱ्हायलं!" तो ओरडला. "सवरीमुत्तू, सांगा ह्याला! एक माणूस मागं ऱ्हायलं!"

सवरीमुत्तूने सांगितलं आणि गाडीतली कुजबुज एकदम थांबली. कंडक्टर खाली उतरला. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. इंजिन थांबताच समुद्राचा आवाज केवढा आहे ते सगळ्यांना ऐकू आलं. माणसं खिडक्यांतून वाळूकडे बघू लागली. निवृत्ती धावत पाण्याच्या दिशेने गेला. "ओ! ओ, पाव्हणं! गाडी चालली!" त्याचा घसा फाटला. वारा ते शब्द उचलून उलट त्याच्याच तोंडावर टाकत होता. चप्पल वाळूत रुतून निघाली, ती त्याने तशीच टाकली.

चतुराबाई खाली उतरली. तिने चप्पल उचलली, झटकली आणि त्याच्या मागे गेली.

"अहो."

"तू बस. मी बघतो. न बघता गाडी सोडू देणार नाय मी."

"अहो, मोजताना तुम्ही कुठं उभं होता?"

"दाराशी. कंडक्टर उभा ऱ्हातो तिथं."

"आन् सोताला धरलं का?"

तिने वाकून चप्पल त्याच्या पायाशी ठेवली.

"तुम्ही उतारू हाय," ती म्हणाली. या खेपेला त्यात टोमणा नव्हता. "चोविसावं माणूस तुम्हीच. चला."

परत आल्यावर चतुराबाईकडून कळलेलं सवरीमुत्तूने दारात उभं राहून तमिळमध्ये सांगितलं तेव्हा आधी कंडक्टर हसला, मग सगळी गाडी. निवृत्ती कुणाकडे न बघता आत आला. बावीस जागा भरलेल्या होत्या. बायकोच्या शेजारी कोळीण बसली होती. तिने निवृत्तीकडे बघितलं, उठली, आपल्या टोपल्यांशी जाऊन उभी राहिली आणि त्या जागेकडे बोट दाखवलं.

"नको, नको, बाई, तुम्ही..." तो म्हणायला लागला. कोळिणीने दरडावून काहीतरी म्हटलं. भाषा कळली नाही. पण ते "बस गुमान" असणार यात शंका नव्हती.

तो बसला. दोन शिट्ट्या झाल्या, गाडी निघाली. सवयीने त्याचा हात वर गेला, तिथे दोरी नव्हती; हात तसाच खाली आला आणि कुठे ठेवावा ते त्याला कळेना. चतुराबाईने आपली पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने दोन्ही हातांनी ती धरली.

आता बाईचा समुद्र उजवीकडे होता, पुरुषाचा डावीकडे. ऊन कलल्याने दोन्ही एकाच रंगाचे झाले होते.

"ते बघा," ती म्हणाली आणि वळली.

या वेळी शेजारी तोच होता. पण त्याची मान तिच्या खांद्याकडे कलली होती, तोंड जरासं उघडं. एकतीस वर्षांत चालत्या गाडीत त्याचा डोळा कधी लागला नव्हता. तिने त्याला उठवलं नाही. टोपी पडू लागली ती काढून पिशवीवर ठेवली.

पुढच्या थांब्यावर गाडी थांबली. कोणी उतरलं की चढलं ते तिला दिसलं नाही. गाडी निघण्याआधी कुणीतरी मोजायला हवं होतं.

चतुराबाईने मोजायला सुरुवात केली. पहिला तिने त्याला धरला.