कोऱ्या जागेतली ओळ

मंजुषाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, रविवारवर आलं होतं, आणि बुधवारी भरदुपारी तिला स्वतःच्या डोळ्यांचा भरवसा वाटेनासा झाला. तसा तो पहिल्यापासून बेताचाच होता म्हणा. जन्मापासून तिच्या नजरेच्या मधोमध धूर बसलेला. कडेकडेचं दिसायचं, समोरचं दिसायचं नाही. माणूस ओळखायचा तो चालीवरून नाहीतर खाकरण्यावरून. एकदा तर तिने बापाच्या कापडदुकानातल्या साडी नेसवलेल्या पुतळ्याला मामी समजून वाकून नमस्कार केला होता, आणि ही गोष्ट अल्लीपुरात अजून सांगितली जाते. अक्षर मात्र मुठीएवढं असलं आणि फळ्यावरच्या खडूसारखं उठून दिसलं, तर ती घडाघडा वाचायची.

तिच्या वडिलांनी, बापूरावांनी, लेकीला नागपूरला ठेवून कॉम्प्युटर शिकवला आणि दोन हजार सहाच्या दिवाळीत घरी आणूनही दिला. त्यात अक्षरं मोठी करणारा एक प्रोग्राम होता. पान अख्खं मावायचं नाही. चार-पाच शब्दांचा तुकडा दिसायचा, आणि माऊस सरकवत सरकवत पुढे जावं लागायचं. वेळ लागायचा, पण वाचलेलं तिचं स्वतःचं असायचं. घरचे वाचून दाखवत तेव्हा गाळत फार. कुणाच्या पत्रात मंजुषाबद्दल वावगा शब्द आला की तो तिच्या आईच्या, रुख्मिणीबाईंच्या, घशातच अडकायचा आणि त्या खोकायला लागायच्या. मंजुषा खोकले मोजायची.

हे स्थळ समाजाच्या वधूवर मंडळाच्या वेबसाइटवरून जुळलं होतं. मुलगा धीरज, रोहण्याचा, कृषी केंद्र चालवणारा. पाहून गेला आणि आठ दिवसांत त्याच्या घरून होकार आला. मंजुषाने बापाला एकच प्रश्न विचारला होता, "त्याइले माह्या डोयाचं माहीत हाय?"

"सगळं माहीत हाय," बापूराव म्हणाले होते. "साइटवर लिहेल हाय. तरीई हो म्हणाले."

त्या 'तरीई'वर ती महिनाभर हवेत होती. माहीत असून कुणीतरी आपल्याला हो म्हणालं, याचा आनंद तिला लपवता येत नव्हता, आणि ती लपवतही नव्हती.

बुधवारी तिला वाटलं, ते लिहिलेलं आपण एकदा आपल्या डोळ्यांनी वाचावं. साइट उघडली आणि तिने कपाळाला हात लावला. मंडळाचे अध्यक्ष ताराचंदजी यांचं काळ्या अक्षरांशी हाडवैर. काळी अक्षरं तेरवीच्या कार्डावर शोभतात, लग्नकार्यात नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून साइटभर सायीच्या रंगाची जमीन आणि तिच्यावर केशरी अक्षरं. धडधाकट डोळ्यांनाही ती डोळे बारीक करूनच वाचावी लागत असतील. मंजुषाने अक्षरं मोठी केली, तर पिवळ्यावरचं केशरी नुसतंच आणखी मोठं झालं. अक्षर हत्तीएवढं केलं तरी ते जमिनीपासून सुटून दिसायला पाहिजे, नाहीतर हत्ती धुक्यातच उभा.

नागपूरच्या सरांनी यावर तोड शिकवली होती. पानाचे स्वतःचे रंग झटकून टाकायचे आणि आपले घालायचे. काळी जमीन, पांढरी अक्षरं. तिने तसं केलं आणि सगळं लख्ख झालं. नाव, जन्मतारीख, उंची, शिक्षण. आणि खाली, फोन नंबरच्या वर, ही ओळ : 'विशेष – मुलीची नजर जन्मापासून अधू. माणसांचे चेहरे ओळखू येत नाहीत. इलाज नाही.'

तिने ती तीनदा वाचली. वाचून बरं वाटण्यासारखी ओळ नव्हती, पण तिला फार बरं वाटलं. बाबा खरं बोलले होते.

असा आनंद कुणाला तरी सांगावाच लागतो. तिची मैत्रीण अंजू हिंगणघाटला एका सायबर कॅफेत कामाला होती. घरात फोनची लाइन एकच, म्हणून मंजुषाने इंटरनेट तोडलं, पान तसंच पडद्यावर राहू दिलं आणि नंबर फिरवला.

"अंजू, मंडळाच्या साइटवर माहं पान उघड बरं. शेवटचं शेवटचं वाच."

"थांब," अंजू म्हणाली. जरा वेळाने वाचू लागली, "शिक्षण बी.ए., कॉम्प्युटरचं ज्ञान. मंग तुह्या बाबाचा फोन नंबर."

"मधात?"

"मधात कोरं हाय."

"कोरं कसं? 'विशेष' म्हणून लिहेल हाय पाह्य."

"अवं बाई, मी डोये फाडून पाहून राह्यली. काईच नाई मधात. तू दुसऱ्या कोनाचं पान तर नाई उघडलं?"

मंजुषाने पडद्याकडे पाहिलं. नाव तिचं, जन्मतारीख तिची, आणि ओळ जागच्या जागी. तिने अंजूला पान बंद करून पुन्हा उघडायला लावलं. पुन्हा कोरं. तिने फोन ठेवला.

आता करायचं काय? एक धड डोळ्यांची मुलगी म्हणते ओळ नाही, आणि एक अर्धी आंधळी म्हणते आहे. पंचांना विचारलं तर ते कोणाचं ऐकतील? मंजुषा स्वतः पंच असती तरी तिने अंजूचंच ऐकलं असतं. लहानपणापासून तिला एकच शिकवण, दिसलं तरी आधी कुणाला तरी विचार. पुतळ्याची मामी होऊ शकते, हे तिला मान्य होतं. पण नसलेलं अख्खं वाक्य कसं दिसेल, तेही 'इलाज नाही'सकट? आपल्याला हवं होतं म्हणून तर दिसलं नाही? पण असलं वाक्य हवंसं तरी कुणाला वाटतं? तिचं डोकं चालेना.

तिने आईला हाक मारली. रुख्मिणीबाई एरवी त्या काळ्या पडद्यासमोर उभ्या राहत नसत, त्यांना गरगरायचं. आज पदराला हात पुसत आल्या.

"आई, इथी काय दिसते तुले? वाच."

"वि-शे-ष," रुख्मिणीबाईंनी वाचलं. "मुलीची नजर..." आणि त्या थांबल्या. खोकल्यासुद्धा नाहीत.

"म्हंजे ओळ हाय न?" मंजुषाचा जीव भांड्यात पडला. "मी येडी नाई झाली न?"

रुख्मिणीबाई पडद्यावरून नजर काढून तिच्याकडे बघत राहिल्या. "पन हे तुले कसं दिसलं?" त्या हळूच म्हणाल्या. "हे तर कोनालेच दिसत नाई म्हने."

भांड्यात पडलेला जीव पुन्हा बाहेर आला. दिसत नाही म्हणे? म्हणजे कुणाला तरी विचारून ठरवलेलं होतं? आईने पुढे काही सांगायचं नाकारलं आणि दुकानातून बापूरावांना बोलावून घेतलं.

बापूराव आले, पडदा पाहिला आणि खुर्चीत बसले. मग तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. पूर्वी मंडळाची छापील पुस्तिका निघायची. तीत कोणी उणं लिहायचं नाही, आणि लग्नानंतर भांडणं मंडळाच्या दारात यायची. ताराचंदजींनी नियम केला, ज्याचं जे उणं असेल ते लिहावंच लागेल. तर लोकांनी नावंच देणं बंद केलं. मग साइट निघाली तेव्हा ताराचंदजींना मधला मार्ग सुचला. साइट बनवणारा त्यांचा पुतण्या पीयूष, त्याला त्यांनी सांगितलं, उण्याची ओळ लिहायची, पण सायीच्या जमिनीवर सायीच्याच रंगात, अगदी नखभर जास्त पिवळी. लिहिलं नाही असं कोणी म्हणू शकत नाही, आणि वाचलं असंही कोणी म्हणू शकत नाही. साप मरावा आणि काठीही मोडू नये. फक्त ज्यांच्या डोळ्यांना पानाचे रंग झेपत नाहीत, त्यांच्या पडद्यावर सगळी अक्षरं सारखीच पांढरी होतात, हे पीयूषच्या ध्यानात आलं नव्हतं. असा माणूस वधूवर साइट स्वतः उघडून बसेल, हे कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

"मी खोटं नाई बोललो, बाई," बापूराव म्हणाले. "लिहेल तर हाय."

"त्याइनं वाचलं का?"

"वाचलं असन."

"असन?" मंजुषाचा आवाज चढला. "'तरीई हो म्हणाले' असं सांगतलं तुमी मले!"

"तुह्या तोंडावर हासू आलतं," बापूराव म्हणाले. "मंग मले काई बोलताच आलं नाई. आता रविवार होऊ दे. कोनाले फोनबिन नको करू." आणि ते दुकानात गिऱ्हाईक खोळंबलंय असं सांगून उठून गेले. खरंतर दुपारी तीन वाजता गिऱ्हाईक कुठलं?

मंजुषाला राग आला होता आणि रडूही येत होतं, आणि आधी कशाला जागा द्यावी ते कळत नव्हतं. धीरजला माहीत होतं की नव्हतं? पाहायला आला त्या दिवशी ती ओसरीवरून उतरताना तो म्हणाला होता, "सावकाश, पायरी हाय." माहीत होतं म्हणून म्हणाला, की सगळ्यांनाच म्हणतो? चहाचा कप त्याने तिच्या हातातून अर्ध्या वाटेतच घेतला. समजून घेतला, की चहाची तलफ होती? महिनाभर जपलेल्या आठवणी तिने एकेक करून उलटसुलट केल्या. प्रत्येकीचे दोन-दोन अर्थ निघाले.

शेवटी त्याचा मोबाइल नंबर शोधायला म्हणून तिने पुन्हा इंटरनेट जोडलं आणि त्याचं पान उघडलं. माऊस सरकवत खाली आली. नंबरच्या वर पांढऱ्या अक्षरांत ओळ होती : 'विशेष – मुलास लहानपणापासून झटके येतात. औषध चालू आहे.'

ती बराच वेळ त्या चार-पाच शब्दांच्या तुकड्यावर थांबून राहिली. बाबांना हे ठाऊक नव्हतं, याची तिला खात्री होती. स्वतः कोरी जागा भरणाऱ्या माणसाच्या मनात, दुसऱ्याची कोरी जागा भरलेली असेल, हे आलंच नसणार. मग तिने इंटरनेट तोडलं आणि नंबर फिरवला.

धीरज दुकानात होता. तिचा आवाज ऐकून आधी गडबडला. दुकानात कॉम्प्युटर आहे का, नेट चालू आहे का, असं ती विचारू लागली तेव्हा आणखीच गडबडला. तरी त्याने तिचं पान उघडलं.

"फोन नंबरच्या वर कोरी जागा हाय," मंजुषा म्हणाली. "तिच्यावर माऊस दाबून ओढा. निळा पट्टा येईन, त्याच्यात अक्षरं दिसतीन."

"आला," तो म्हणाला. मग, "अरे." मग त्याने ती ओळ वाचली, मोठ्याने, 'इलाज नाही'पर्यंत.

म्हणजे माहीत नव्हतं. एवढं एक तरी तिला कळलं, आणि ते कळणं फार लागलं.

"आता तुमचं पान उघडा," ती म्हणाली. "तसंच करा."

"माह्या पानावर काय..." त्याने विचारलं. यावेळी त्याने मोठ्याने वाचलं नाही. "पान काकानं भरलं होतं," तो म्हणाला. "मी त्याले इचारलं होतं, त्याइले सांगतलं का म्हणून. काका म्हणे, मुलीकडच्याइले सगळं माहीत हाय. तरीई हो म्हणाले."

मंजुषाने डोळे मिटले. तेच वाक्य, शब्दाला शब्द.

"मी त्याच्यावरच होकार देला," ती म्हणाली.

"मीबी," धीरज म्हणाला.

दोघांनी एकमेकांना नाही, त्या वाक्याला हो म्हटलं होतं. आणि ते वाक्य तर कोणाचंच नव्हतं.

"तीन वर्सं झाले, झटका नाई आला," तो म्हणाला. "पन येऊ शकते. मले पुढचं काई सांगता येत नाई."

"मले समोरच्याचं तोंड दिसत नाई," ती म्हणाली. "त्या दिवशी तुमचंबी नाई दिसलं."

तो म्हणाला, "रविवारी येतो मी. साक्षगंधाले नाई. पाहाले येतो. घरच्याइले मी सांगतो."

"गर्द रंगाचा शर्ट घालून येजा," मंजुषा म्हणाली.

"काऊन?"

"आमची भिंत पांढरी हाय. मागच्या वेळी तुमी फिक्क्या शर्टात तिच्यात मिसळून गेलते. मले वाटलं, खुर्ची रिकामीच हाय."