टर्बोच्या गळ्यातली माळ

मखमलाबादच्या लताबाई आपल्या गाडीची ओळख करून देताना आधी इंजिन सांगायच्या, रंग नंतर. "तेराशे सीसी, टर्बो डिझेल, पंचाहत्तर घोडे, एकशे नव्वद टॉर्क," असं एका दमात म्हणून त्या समोरच्याकडे अशा बघायच्या, जणू आता त्याने पत्रिका मागावी. समोरचा बहुतेक वेळा झेंडूचा भाव विचारायला आलेला असे. त्यातून एखाद्याने टॉर्क म्हणजे काय असं विचारलंच, तर त्या सांगत, "चिखलातून निघायची अक्कल." याहून सोपी व्याख्या आजवर कुठल्या पुस्तकात आलेली नाही.

गाडीची मागची सीट कधीच काढून टाकलेली होती. तिथे फुलांचे क्रेट बसत. रोज पहाटे लताबाई स्वतः गाडी काढून गणेशवाडीच्या फुलबाजारात जात, आणि माल विकून उजाडल्यावर घरी येत. त्यांचे यजमान गाडीत बसत नसत. त्यांना गाडी लागायची. ते शेतात झेंडूजवळ बरे होते.

लांबून आलं की इंजिन लगेच बंद करायचं नाही, इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोला मिनिटभर निवू द्यायचं, हे लताबाईंना गाडी विकणाऱ्या मुलाने सांगितलं होतं. तो मुलगा पुढे नोकरी सोडून कीर्तनं करू लागला, पण लताबाईंनी त्याचा पहिला उपदेश सोडला नाही. चुलत सासरे गेले तेव्हा त्या पोचल्या, तर तिरडी उचलायची वेळ झालेली. सगळं गणगोत लताबाईंची वाट बघत उभं. लताबाई गाडीत बसून राहिल्या. टर्बो निवला, मग त्या उतरल्या, मग रडल्या.

गाडी तीन लाख किलोमीटरच्या पुढे गेली होती, म्हणजे आजारपणं झालीच होती. टर्बोचा रबरी पाइप एकदा फाटला होता आणि गाडीने आडगावपासून घरापर्यंत शिट्टी वाजवली होती. गावातल्या गावात फिरून धूर परत इंजिनात फिरवणाऱ्या ईजीआर व्हॉल्व्हमध्ये काजळी साठली होती. डिझेल फिल्टरमध्ये पाणी उतरलं होतं. एका थंडीत गार इंजिनाला ऊब देणारे ग्लो प्लग गेले होते, आणि एका उंदराने वायर खाल्ली होती. हे सगळं लताबाई अशा कौतुकाने सांगत, जशी पोरांची गोवर आणि दात येणं सांगतात. त्यांच्या लेखी आजारी न पडलेलं इंजिन म्हणजे अनुभव नसलेलं इंजिन.

त्यांचा मुलगा मयूर नाशिक रोडला सरकारी नोकरीत होता. त्याला ही गाडी विकायची होती.

"आई, एवढ्या पहाटे तू एकटी रस्त्यावर असतेस," तो म्हणे. "एक दिवस ही मध्येच बंद पडेल. मी तिकडे झोपलेला असेन. इलेक्ट्रिक घेऊ ना."

"इलेक्ट्रिकला टर्बो असतो का?"

"लागतच नाही."

"मंग ती श्वास कशानं घेती?" लताबाई विचारत. यावर मयूर बॅटरी समजावून सांगे, पण ते उत्तर कामाचं नसे.

शेवटी दसऱ्याला निकाल लावायचं ठरलं. पंच म्हणून मनमाडहून लताबाईंचे थोरले भाऊ कारभारी आले. त्यांची सगळी हयात रेल्वेच्या डिझेल इंजिनांत गेली होती. त्यामुळे रुळांवर न चालणाऱ्या इंजिनाला ते इंजिन मानत नसत. फार तर पाणी उपसायची मोटर. असा माणूस कुणाचीच बाजू घेणार नाही, म्हणून दोघांनाही तो पसंत पडला.

अट सोपी होती. गाडी तिघांना घेऊन पेठ रस्त्याने सावळ घाट न थांबता चढली, तर राहील. मध्ये थांबली, तर दिवाळीच्या आत विकायची.

"दिला शब्द," लताबाई म्हणाल्या. दोन महिन्यांपूर्वीच त्यांनी सगळे पाइप तपासून घेतले होते. त्यांना घाटाची भीती नव्हती. घाटालाच त्यांची असावी, असा त्यांचा अंदाज होता.

आता फुलवाल्यांचा दसरा हा जगाचा उरकला की सुरू होतो. सकाळभर बाजारात लोकांच्या दारांसाठी झेंडू विकायचा, दुपारी उरलेले क्रेट घेऊन घरी यायचं, आणि मग घरची पूजा. उरलेलं फूल दुसऱ्या दिवशी कुणी विचारत नाही, त्यामुळे ते सगळं घरच्याच यंत्रांच्या नशिबी येतं. लताबाईंकडे ट्रॅक्टरला माळ, विहिरीवरच्या मोटरला माळ, फवारणीच्या पंपाला माळ. एका वर्षी तेवढ्यात दारात आलेल्या गॅस सिलिंडरवाल्यालाही घातली होती आणि तो लाजून सुटे पैसे न घेताच गेला होता.

गाडीसाठी मात्र त्या स्वतः बसत. या वर्षी माल बराच उरला होता आणि घाट चढायचा म्हणून मानही मोठा होता. बॉनेटच्या कडेपासून बंपरच्या खालपर्यंत त्यांनी घट्ट गुंफलेल्या माळांच्या रांगा एकीवर एक चढवल्या, मग त्यावर आंब्याच्या पानांची एक रांग, मग पुन्हा झेंडू. गाडी गादीवर तोंड खुपसून झोपल्यासारखी दिसू लागली.

"आई, नंबर दिसत नाहीये," मयूर म्हणाला.

"नंबर सगळ्यांना पाठ हाय."

दुपारी तिघं निघाले. पुढे लताबाई आणि कारभारी. मागे सीट नव्हती, म्हणून मयूर उलट्या क्रेटवर. गावाबाहेर पडेपर्यंत लोक थांबून बघत होते. लताबाई प्रत्येकाला हॉर्न देत होत्या. सपाटीवर गाडी ठीक पळाली. घाट जवळ आला तसा एसीतून गरम वारा यायला लागला.

"रेल्वेच्या इंजिनाचा एक सिलिंडर काढला ना लते, तर ही आख्खी गाडी त्याच्यात मावेल," कारभारी म्हणाले.

"मावंल. पण बाजारात पार्किंग कुठं करशील, दादा?"

चढ सुरू झाला. पहिलं वळण गाडीने तिसऱ्या गिअरमध्ये घेतलं. लताबाईंनी आरशात मयूरकडे बघितलं. दुसऱ्या वळणावर तापमानाचा काटा वर सरकू लागला, पिवळा दिवा लागला, आणि पंचाहत्तर घोड्यांपैकी साठएक घोडे कुठेतरी निघून गेले. लताबाईंनी गिअर खाली घेतला, पाय तळापर्यंत दाबला. गाडी बैलासारखी विचार करत करत चालली, आणि पुढच्या वळणावर, रस्त्याच्या कडेला, थांबली.

 टर्बोला मिनिटभर निवू देऊन लताबाईंनी इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवरचा हात मात्र काढला नाही.

मयूरला आनंद व्हायला हवा होता. त्याला झाला नाही. "लिम्प मोड म्हणतात याला," तो हळूच म्हणाला. "काही बिघडलं की गाडी स्वतःला वाचवायला ताकद कमी करते."

"म्हंजे शहाणी हाय," लताबाई म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता.

बॉनेट उघडलं. वाफ नव्हती, नुसती धग होती. कारभारी रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेऊ लागले, तो लताबाईंनी वरच्यावर धरला. मग तिघं दोन्ही बाजूंनी वाकून आत बघू लागले.

"टर्बोचा पाइप फाटला असेल," मयूर म्हणाला.

"शिट्टी ऐकली का? नवा हाय."

"मग ईजीआर. काजळी."

"धुतला. पावसाळ्यात."

"डिझेलात पाणी," कारभारी म्हणाले.

"फिल्टर बदलला."

"उंदीर?"

"त्याचा बंदोबस्त केला," लताबाई म्हणाल्या, आणि पुढचं कुणी विचारलं नाही.

असं इंजेक्टरपर्यंत गेलं, सेन्सरपर्यंत गेलं. एकेक आजार निघत होता आणि एकेक आजार बाद होत होता. तिघांची डोकी इंजिनात होती. त्यामुळे गाडीच्या पुढच्या बाजूला कोण आलंय, हे कुणाला दिसलं नाही.

शेळ्या आल्या होत्या. आठ-दहा असतील. घाटातल्या शेळ्यांना एवढा झेंडू एका जागी कधी मिळाला नसावा, त्यामुळे त्यांनी आवाज न करता, पंगतीला बसल्यागत, एका बाजूने सुरुवात केली. वरच्या रांगेसाठी एकीने बंपरवर पुढचे पाय ठेवले, तेव्हा गाडी हलली आणि लताबाईंनी मान वर केली.

"अगं माझी माळ!"

शेळ्यांमागून त्यांची मालकीण आली. झुंबरबाई नाव, पेठकडची, हातात काठी, चेहऱ्यावर घाई नाही. तिने शेळ्यांना हाकलायचा एक मान राखण्यापुरता प्रयत्न केला.

"खाऊ दे ना, ताई. दसरा हाय."

"गाडीची पूजा हाय ती!"

"गाडी व्हय?" झुंबरबाई वाकून बघत म्हणाली. "मला वाटलं फुलांचा ढीग हाय. आता जाळी दिसाया लागली. हिला वारा लागत व्हता का न्हाई, एवढ्या पांघरुणात?"

 फक्त चावल्याचा आवाज येत होता.

कारभारींनी जाळीकडे बघितलं. मयूरने जाळीकडे बघितलं. जाळीच्या मागे रेडिएटर होता, टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर होता, आणि दुपारपासून या दोघांनी वाऱ्याची एक झुळूक पाहिली नव्हती.

लताबाईंनी कुणाकडेच बघितलं नाही. शेवटची रांग शेळीच्या तोंडात जाईपर्यंत त्या उभ्या राहिल्या. मग त्यांनी बॉनेट खाली टाकलं, मयूरला क्रेटवर बसवलं आणि किल्ली फिरवली. दिवा विझला. काटा खाली आला होता. पहिला, दुसरा, आणि तिसऱ्या गिअरला गाडीने अशी ओढ घेतली, की मयूर क्रेटसकट मागच्या दाराला जाऊन भिडला. पुढची वळणं गाडीने अशी घेतली, की कारभारींनी वरचं हँडल धरलं. रुळांवर चाळीस वर्षं काढलेल्या माणसाने ते धरलं, हे लताबाईंनी बघून ठेवलं.

माथ्यावर गाडी थांबवून तिघं उतरले.

"मामा, निकाल," मयूर म्हणाला. "थांबली तर होती."

कारभारींनी घसा साफ केला. "थांबली. पण इंजिनात दोष होता का बाहेर, ते मालकिणीने सांगावं. ती म्हणेल ते मी मानीन."

हे अवघड होतं. दोष इंजिनात म्हटलं, तर गाडी जाणार. दोष बाहेर म्हटलं, तर दोष त्यांच्या माळेत, आणि मखमलाबादेत लताबाईंच्या माळेत आजवर कुणी एक फूलसुद्धा वाकडं दाखवलं नव्हतं. त्यांनी खालच्या रस्त्याकडे बघितलं. तिथून एक ट्रक कण्हत वर येत होता.

"इंजिन निर्दोष हाय," त्या म्हणाल्या. "माळ माझी. वारा मी अडवला. चूक माझी."

मयूरने आईच्या तोंडून हे शेवटचे दोन शब्द प्रथमच ऐकले होते. त्याला काय करावं कळेना, म्हणून तो हसला आणि त्याने गाडीच्या उघड्या जाळीवर हात ठेवला. "राहू दे गाडी. पण पहाटे बाजारात पोचलीस की मला फोन करायचा. मी झोपलो असलो तरी."

"करीन."

"आणि पुढच्या दसऱ्याला माळ आरशाला."

"बघू," लताबाई म्हणाल्या, म्हणजे नाही.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. छाया, त्यांची धाकटी जाऊ. छायाकडे पिकअप होती आणि दसऱ्याला दोघींच्या गाड्यांकडे गाव तुलना करून बघत असे. वहिनी घाटात अडकल्या, असं छायाला कुणीतरी कळवलं होतं, आणि तिच्या आवाजात काळजीपेक्षा उत्साह जास्त होता.

"काय हो वहिनी, बंद पडली म्हणे गाडी?"

मयूरला वाटलं, आई आता ताठ्याने नाही म्हणेल. पण लताबाईंनी पदर नीट केला, घाटाकडे पाठ केली आणि एवढ्या मोठ्याने बोलल्या, की वर येणाऱ्या ट्रकवाल्यानेही मान बाहेर काढली.

"पडली तर! टर्बो डिझेल, पंचाहत्तर घोडे, एकशे नव्वद टॉर्क, आणि माझ्या माळेनं जागच्या जागी थांबवले. तुझ्या माळेनं आजवर काय थांबवलं, छाया?"