मावाबाटीचं कारण

दत्तोपंतांना ज्यावर मत नाही असा विषय इंदुरात शिल्लक नव्हता. होळकर दरबारच्या बांधकाम खात्यात त्यांनी तीस वर्षं कारकुनी केली, राज्य विलीन झालं तसे पेन्शन घेऊन घरी बसले, आणि तेव्हापासून रोज सकाळी नऊला बडा गणपतीजवळ नानांच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानी हजर. दुकानाबाहेर दोन बाकं होती. एकावर ऐकणारे दाटीवाटीने बसत. दुसऱ्यावर पंत एकटे, कारण हातवारे करायला त्यांना जागा लागे.

विषय ठरलेले होते. पहिला क्रिकेटचा. होळकरांच्या टीमबाहेर हिंदुस्थानात कुणाला बॅट धरता येत नाही, हे त्यांचं मत. दुसरा मध्यभारत सरकारचा. ‘उन्हाळ्यात राजधानी इंदूर, हिवाळ्यात ग्वाल्हेर. अरे, हे राज्य आहे की भाडेकरूचं बिऱ्हाड?’ आणि तिसरा हिंदू-मुसलमानांचा. त्यात तर ते स्वतःला अधिकारी समजत. ‘मला विचारा भिया! वीस वर्षं माझ्या बॉलिंगवर मुनीरने स्टंपा उडवल्यात. आमच्यात कधी हिंदू-मुसलमान झालं नाही.’

अंदाज मात्र त्यांचा एकही खरा ठरत नसे. राज्य विलीन होणारच नाही म्हणाले होते, झालं. राजधानी एकटं इंदूर म्हणाले होते, तेही नाही. पण फुकटचे अंदाज कोण लक्षात ठेवतो? लोक ऐकत, हसत आणि कामाला जात.

मुनीर मास्टरचं शिवणाचं दुकान समोरच होतं. माणूस बारीक, कमी बोलणारा, शिलाईत पक्का. तरुणपणी पंत क्लबात स्लो बॉलिंग टाकत आणि मुनीर विकेटकीपर. आता दोघांचेही गुडघे गेले होते. मुनीर क्लबाच्या पोरांच्या पांढऱ्या पँटी शिवी, पंत त्या पोरांना शिव्या घालत. संध्याकाळी दोघं मुनीरच्या दुकानात एकेक कप चहा घेत, आणि तेवढा वेळ पंतसुद्धा गप्प बसत. असा गप्प बसायला पंतांना दुसरा माणूस नव्हता.

बावन्न साली पाकिस्तानची टीम पहिल्यांदा इकडे खेळायला आली. दिल्लीला आपण डावाने जिंकलो. मग काय विचारता! पंतांनी बाकावर थाप मारून जाहीर केलं, ‘लखनौलाही डावानेच. लिहून घ्या.’ नानांनी खरोखरच खडूने दुकानाच्या फळीवर लिहिलं. रविवारी दुपारी लखनौचा निकाल लागला. सामना डावानेच सुटला, फक्त हरलो आपण.

त्याच दुपारी उज्जैनहून मुनीरचा जावई आला. मुनीरच्या मुलीला आठ वर्षांनी मुलगा झाला होता. मुनीर शिलाईचं मशीन तसंच टाकून उठला आणि तीन शेर मावाबाटी घेऊन आला. पहिला द्रोण पंतांना. ‘लो पंत, मुँह मीठा करो. आजोबा बन गया मैं!’ आणि मग डोळे बारीक करून, ‘मॅच डावानेच झाली ना? फक्त टीम उलटी निघाली.’

पंतांनी दोन खाल्ल्या, दोन बायकोसाठी, यशोधराबाईंसाठी, घरी नेल्या. यशोधराबाईंनी त्याच संध्याकाळी ट्रंकेतलं जुनं रेशमी लुगडं काढलं आणि बाळासाठी कुंची बेतायला घेतली. पंतांचं लक्ष नव्हतं. ते ‘टीम उलटी’ त्यांना आत कुठेतरी लागलं होतं.

सोमवारी बाकावर कोण कोण आलं होतं म्हणता? सगळेच. माणूस जिंकतो तेव्हा इतके लोक जमत नाहीत. त्यात लक्ष्मणराव, कापडाचे आडते, म्युनिसिपालिटीला उभे राहायच्या तयारीत असलेले. फळीवरचा खडू वाचून ते म्हणाले, ‘काय पंतजी, डावाने ना भिया? लिहून घेतलं होतं आम्ही.’ सगळे खदखदून हसले. नानासुद्धा हसले, आणि नानांचं दुकान म्हणजे पंतांचं सिंहासन. पंतांचे कान तापले.

‘मला काय हसता?’ ते म्हणाले. ‘इकडे आपल्याला सुतक, आणि तिकडे बघा! मुनीर मास्टरने काल तीन शेर मावाबाटी वाटली.’

हशा क्षणात फिरला. पंतांवरून उठला आणि समोरच्या दुकानावर जाऊन बसला. आता नीट ऐका, यात खोटं एक अक्षर नव्हतं. हरलो तो दिवस खरा, मावाबाटी खरी, तीन शेरही खरे. ‘नातू झाला ना त्याला’ हे पुढचं वाक्य पंतांच्या ओठांवर होतं. पण लोक अजून हसत होते, आणि स्वतःच मिळवलेला हशा मध्येच कोण तोडतो? तो ओसरेपर्यंत लक्ष्मणराव उठून गेले होते. वाक्य राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं, ‘पंतजी, वो मावाबाटी का किस्सा सुनाओ.’ पंतांनी सांगितला. तिसऱ्या दिवशी मुनीर द्रोण कसा पुढे करतो त्याची नक्कलही केली. पुढे मुंबईला आपण दहा गडी राखून जिंकलो, पण त्या दिवशी मुनीरने काय वाटलं हे विचारायला कुणी गेलं नाही. मुनीरने त्या दिवशी नानांच्या दुकानासमोर उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. ते सगळ्यांनी पाहिलं आणि कुणीही सांगितलं नाही.

महिन्याभरात गोष्ट पंतांकडे परत आली, आणि येताना चांगली धष्टपुष्ट होऊन आली. एका तेल्याने पंतांनाच ऐकवलं की मुनीरने फटाके उडवले आणि ते आपण स्वतः ऐकले. लक्ष्मणरावांनी चौकात सभा घेतली. पंतांना पहिल्या रांगेत खुर्ची होती. ‘इस मोहल्ले में ऐसे लोग हैं जो हमारी हार पर मिठाई बाँटते हैं! हमारे दत्तोपंतजी ने अपनी आँखों से देखा है!’ शंभर माना पंतांकडे वळल्या. पंतांनी टोपी सारखी केली. त्या वेळी उठून ‘थांबा’ म्हणायला हवं होतं हे त्यांना कळत होतं. पण राज्य गेल्यापासून त्यांना इतक्या लोकांनी एकदम पाहिलं नव्हतं.

डिसेंबरात मुनीरला नोटीस आली. त्या काळी तसा कायदा होता. अमुक माणूस पाकिस्तानात जायच्या बेतात आहे असं कुणी कळवलं की चौकशी लागे, आणि ठरलं की त्याच्या घरादारावर सरकारचा हात पडे. मुनीरबद्दल चौदा जणांनी सह्या करून कळवलं होतं. त्यात पंतांची सही नव्हती. त्याचं त्यांना बरंही वाटलं आणि थोडा अपमानही वाटला.

मुनीर नोटीस घेऊन पंतांच्या घरी आला. चिडला नव्हता. ओसरीवर टेकला आणि म्हणाला, ‘पंत, बारा तारखेला तुकोगंजच्या कचेरीत चौकशीची पेशी आहे. तुम्ही फक्त एवढं सांगा, मावाबाटी कशाची होती. बस. माझं नि जावयाचं कोण ऐकणार? तुमच्या बोलण्याला वजन आहे.’

‘अरे, हे काय सांगायला लागतं?’ पंत म्हणाले. ‘साहेबाला असं सुनावतो की बघत राहील.’

आतून यशोधराबाई दारात आल्या. ‘मीही येते. कुंची मी शिवली आहे. कुंची काय मॅचसाठी शिवतात?’

‘बायकांचं काय काम कचेरीत?’ पंत म्हणाले. ‘मी आहे ना.’ त्यांनी हे मनापासून म्हटलं होतं, म्हणून यशोधराबाई आत गेल्या.

अकरा तारखेला लक्ष्मणराव भेटले. पैसा नाही, धमकी नाही, नुसतं खांद्यावर हात ठेवून बोलले. ‘पंतजी, तुमच्या शब्दावर मी बारा सभा घेतल्या. उद्या तुम्ही म्हणाल, मैं तो मजाक कर रहा था, तर माझं जाऊ द्या. तुमचं काय? लोक हसतील हो. त्या बाकावर पुन्हा बसता येईल का?’

रात्री पंतांना झोप लागली नाही. फळीवरचा खडू आणि तो हशा त्यांच्या कानात होता.

कचेरी एका जुन्या बंगल्यात होती. साहेब तरुण, बाहेरगावचा, सभ्य. चौदाजण भिंतीशी ओळीने उभे होते. कुणी म्हणालं मी मावाबाटी खाल्ली, कुणी म्हणालं मी थुंकून टाकली. मुनीर एका खुर्चीवर गुडघ्यावर हात ठेवून बसला होता, तोंड पंतांकडे.

‘आप दत्तोपंत?’ साहेबाने विचारलं. ‘छब्बीस अक्टूबर को इन्होंने मिठाई बाँटी?’

‘हो. हाँ.’

‘आपने खाई?’

‘दो.’

‘किस खुशी में बाँटी, कुछ बताया था?’

एवढाच प्रश्न होता. मुनीरने हलकेच मान हलवली, पोराला शाळेत उत्तर सुचवतात तशी. पंतांनी तोंड उघडलं. भिंतीशी चौदा तोंडं त्यांच्याकडे बघत होती, आणि त्या प्रत्येकाला गोष्ट पंतांनीच सांगितलेली होती. आता नातू म्हणायचं म्हणजे दीड महिना आपण काय सांगत होतो तेही सांगावं लागणार. लक्ष्मणराव मागच्या दाराशी रुमालाने चष्मा पुसत होते.

‘कारण... कारण काही मी विचारलं नाही,’ पंत म्हणाले. ‘मैंने पूछा नहीं.’

साहेबाने लिहून घेतलं. सुटलो म्हणून पंत बाहेर आले आणि बंगल्याच्या फाटकाशी थांबले. आपण हलकट आहोत हे त्यांना तिथे, त्या फाटकाला धरून, स्वच्छ कळलं. मात्र परत आत जायला वीस पावलं होती आणि ती त्यांच्याने चालवली नाहीत. घरी त्यांनी यशोधराबाईंना सांगितलं, ‘मी सगळं सांगितलं. ऐकतो कोण?’

जानेवारीत मुनीरच्या दुकानाला सील लागलं. त्याआधीच गिऱ्हाइकं तुटली होती. क्लबाच्या पोरांनी पँटी दुसरीकडे टाकल्या. कराचीला त्याची एक बहीण होती. त्याने आयुष्यात कधी तिकडे जायचं नाव काढलं नव्हतं. आता दुसरं कुठलं दार उघडं नव्हतं. ज्या नातवासाठी मावाबाटी वाटली तो आईबापाजवळ उज्जैनलाच राहणार होता.

जायच्या दिवशी सकाळी तो दारात येऊन उभा राहिला. पंतांनी ‘ये, बस’ म्हटलं. तो बसला नाही.

‘पंत, वीस साल मी स्टंपांच्या मागे उभा राहिलो. तुमचा हात बघून मला कळायचं बॉल किधर घूमेगा. एक नहीं छोड़ा. उस दिन कचेरीत मी तुमच्याकडेच बघत होतो. नाही कळलं.’

तो गेला. यशोधराबाई ओसरीच्या आतच उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं होतं. त्या दिवसापासून त्या पंतांचं ताट वाढत आणि आत निघून जात. चौतीस वर्षांत पंत प्रथमच भिंतीशी बोलत जेवू लागले.

मार्चात लक्ष्मणराव निवडून आले. हार घातलेलेच नानांच्या दुकानी आले, आणि त्यातला एक काढून त्यांनी पंतांच्या गळ्यात घातला. ‘पंतजी, मान गए! बाकी सब अंदाज अपनी जगह, पर यह आदमी पाकिस्तान का है, हे तुम्ही ऑक्टोबरातच ओळखलं होतं. निघाला की नाही खरा?’ सगळे म्हणाले, वा पंत. आयुष्यात पंतांचा हा पहिला खरा ठरलेला अंदाज, आणि तो त्यांनी कधी केलाच नव्हता. हाराची फुलं मानेला टोचत होती. पंतांनी तो काढला नाही.

समोरचं दुकान मेघराज नावाच्या एका सिंध्याला मिळालं. फाळणीत सिंधमधल्या सक्करचं घर, दुकान सोडून आलेला, पन्नाशीचा, कुणाशी फारसा न बोलणारा माणूस. पहिल्याच आठवड्यात तो सुटे पैसे मागायला नानांकडे आला आणि त्याने सहज विचारलं, ‘यहाँ पहले कौन बैठता था?’

बाकावरच्या सगळ्यांनी पंतांकडे पाहिलं. गोष्ट पंतांची होती.

‘एक टेलर मास्टर,’ पंत म्हणाले. आवाज नेहमीसारखा चढला, हात आपोआप उठला. ‘लखनऊ में जिस दिन हम हारे ना, उसी दिन उसने तीन सेर मावाबाटी बाँटी!’ आणि ते हशासाठी थांबले.

बाक हसलं. मेघराज हसला नाही. त्याने पंतांकडे सरळ पाहिलं आणि विचारलं, ‘क्यों बाँटी?’

त्याच्या विचारण्यात खोच नव्हती. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. नानांनी हातातला पेचकस खाली ठेवला. नानांनीही त्या रविवारी मावाबाटी खाल्ली होती, आणि कशाची तेही त्यांना माहीत होतं. दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

‘क्यों म्हणजे?’ पंत म्हणाले. ‘शेवटी गेलाच ना तो कराचीला?’

बाकावरच्यांनी माना डोलावल्या, आणि मेघराज सुटे पैसे घेऊन आपल्या दुकानात गेला.